बायोगॅस : बांधलेली संयंत्रे आणि पेटलेल्या शेगड्या

ऊर्जेच्या अपारंपरिक साधनांचा विषय निघाला की सूर्य आणि वारा यांचे नाव प्रथम घेतले जाते. ते स्वाभाविकही आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या दुरूनही नजरेत भरतात आणि घरांच्या गच्च्यांवरील सौरपट आता खेड्यांतही दिसू लागले आहेत. परंतु ग्रामीण कुटुंबाच्या दारातच उपलब्ध असलेले, विजेच्या तारेवर अवलंबून नसलेले आणि ऊर्जेबरोबर खतही देणारे असे एक तिसरे साधन आहे. ते म्हणजे गोबरगॅस, अर्थात बायोगॅस.

या साधनाची ओळख आपल्या राज्याला नवी नाही. १९८१-८२ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प हाती घेतला आणि १९८२ च्या नव्या वीसकलमी कार्यक्रमात बायोगॅसचा समावेश झाला. तेव्हापासून देशात पन्नास लाखांहून अधिक कौटुंबिक संयंत्रे बांधली गेली. हा आकडा मोठा आहे, पण तो बांधलेल्या संयंत्रांचा आहे. त्यांपैकी आज किती संयंत्रांवर दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो, हा निराळा प्रश्न आहे. एखाद्या परसात संयंत्राच्या वर्तुळाकार भिंतीला तण वेढून राहिले आहे आणि स्वयंपाकघरात मात्र पुन्हा लाकडांची चूल पेटली आहे, असे दृश्य अनेक तालुक्यांतील क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी पाहिले असेल. अशा संयंत्रावर झालेला सरकारी अनुदानाचा आणि कुटुंबाच्या पैशाचा खर्च वाया जातो. त्याहून मोठे नुकसान असे, की ते बंद संयंत्र पाहून शेजारची दहा कुटुंबे या साधनाकडे पाठ फिरवितात.

बायोगॅसच्या नव्या तंत्रांचा आज पुन्हा गाजावाजा होत आहे. अशा वेळी संयंत्र कशाने चालते आणि कशाने विझते, हे नीट समजून घेणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्या दृष्टीने आवश्यक आहे.

जमिनीखालचे पोट

बायोगॅस संयंत्राला यंत्र म्हटले जात असले, तरी त्याचे वर्तन जनावराच्या पोटासारखे असते. हवा न शिरणाऱ्या टाकीत शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून सोडले जाते. या मिश्रणास शेणकाला म्हणतात. टाकीतील जीवाणू त्यावर टप्प्याटप्प्याने काम करतात. पहिल्या गटातील जीवाणू तंतुमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे विघटन करून ते विरघळणाऱ्या स्वरूपात आणतात. दुसरा गट त्यांपासून आम्ले तयार करतो. तिसऱ्या गटातील सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून मिथेन वायू बनवितात. हा तिसरा गट सर्वांत नाजूक असतो. त्यास प्राणवायू मानवत नाही, थंडी मानवत नाही आणि टाकीतील आम्लता वाढली तर त्याचे काम थांबते.

तयार होणाऱ्या वायूत साधारणपणे ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि बहुतांशी उरलेला भाग कर्बद्विप्राणिद वायू असतो. अल्प प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड असते. त्यास कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ज्वलनशील भाग मुख्यतः मिथेनचाच. तो निळ्या ज्योतीने आणि धुराविना जळतो.

तपमान सुमारे ३५ अंश सेल्सिअस असताना हे जीवाणू उत्तम काम करतात. ते १५ अंशांच्या खाली गेले की वायूची निर्मिती फार मंदावते. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत ‘गॅस कमी येतो’ अशी तक्रार ऐकू येते. शेणकाला टाकीत किती दिवस राहिला पाहिजे, हेही तपमानावर ठरते. देशाच्या उष्ण भागासाठी ३० दिवस, मध्यम हवामानासाठी ४० दिवस आणि थंड, डोंगराळ भागासाठी ५५ दिवस असे मान धरून संयंत्रांचे आराखडे केले जातात.

संयंत्राची प्रकृती जिवंत प्राण्यासारखी असल्यामुळे त्यास रोज खाद्य लागते. चार दिवसांचे शेण एकदम घालून चालत नाही आणि आठ दिवस उपाशी ठेवूनही चालत नाही. साबणाचे पाणी, फिनेल अथवा जंतुनाशक औषधे टाकीत गेली तर जीवाणू मरतात. ही साधी गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असणे महत्त्वाचे आहे, कारण गोठा धुण्याचे पाणी कोठे सोडावयाचे हे अनेकदा घरातील लहान मूल ठरविते.

शेणाचा हिशेब

संयंत्राचे आकारमान ठरविताना कुटुंबाची गरज आणि दारचे शेण या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. त्यासाठी काही ठोकळ माने उपयोगी पडतात. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ०.०४ घनमीटर वायू मिळतो, म्हणजेच एक घनमीटर वायूसाठी २५ किलो शेण लागते. गाय अथवा बैल दिवसाला सुमारे दहा किलो आणि म्हैस सुमारे पंधरा किलो शेण देते. हे मान जनावर दिवसभर गोठ्यात असेल तेव्हाचे होय. जनावरे चरावयास जात असतील तर निम्मे शेण रानातच राहते. एका माणसाच्या दिवसभराच्या स्वयंपाकासाठी पाव घनमीटर किंवा त्याहून थोडा अधिक वायू पुरतो.

पाच माणसांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. त्यांना रोज सव्वा ते दीड घनमीटर वायू पाहिजे. पाहुण्यांचा आणि थंडीच्या दिवसांचा विचार करून दोन घनमीटरचे संयंत्र योग्य ठरते. त्यासाठी रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी लागेल. एवढे शेण गोठ्यात बांधलेल्या दोन म्हशी आणि दोन बैल यांच्यापासून मिळू शकते. शेणकाला रोज सुमारे १०० लिटर होतो. तो ४० दिवस टाकीत राहावयाचा असेल तर शेणकाल्यासाठी ४,००० लिटरची, म्हणजे चार घनमीटरची जागा लागते.

आता मिळकतीची बाजू पाहू. एक घनमीटर बायोगॅस हा सुमारे साडेतीन किलो जळाऊ लाकूड, ०.६२ लिटर रॉकेल किंवा ०.४३ किलो सिलिंडरमधील गॅस यांच्या बरोबरीचा मानला जातो. रोज दीड घनमीटर वायू जाळणारे कुटुंब या हिशेबाने रोज पाच किलोंहून अधिक, म्हणजे वर्षाकाठी सुमारे १,९०० किलो लाकूड वाचविते. सिलिंडरच्या भाषेत सांगावयाचे तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरइतका गॅस त्यास साधारणतः २२ दिवसांत मिळतो. लाकडाची मोळी डोक्यावरून आणणारी आणि धुरात डोळे चोळीत भाकरी भाजणारी व्यक्ती बहुतेक घरांत स्त्रीच असते. या आकड्यांचा खरा अर्थ तिच्या दिवसात आणि तिच्या छातीत उमटतो.

शेणाची गोवरी करून जाळली तर खत जाते. शेण उकिरड्यावर टाकले तर खत मिळते, परंतु ऊर्जा मिळत नाही आणि नत्राचाही बराच भाग उन्हापावसात वाया जातो. संयंत्रात घातलेल्या शेणापासून मात्र दोन्ही मिळतात. शेणातील शुष्क द्रव्यांपैकी सुमारे पाव ते तीस टक्के भागच वायूत रूपांतरित होतो. उरलेले सर्व स्लरीच्या रूपाने बाहेर येते आणि त्यात नत्र, स्फुरद व पालाश टिकून असतात. तणांच्या बियांपैकी बऱ्याच बियांची उगवणशक्तीही टाकीत नष्ट होते. स्लरी पाटाच्या पाण्याबरोबर थेट पिकास देता येते किंवा पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात मुरवून तिचे कंपोस्ट करता येते.

माटुंग्यापासून देहूपर्यंत

या तंत्राच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मोलाचे आहे. १८९७ मध्ये मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रयस्थानातील मैलापाण्याच्या टाकीतून निघणारा वायू दिवे लावण्यासाठी वापरण्यात आला. शेणापासून वायू मिळविण्याचे शास्त्रीय प्रयोग १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी केले. पुढे जशभाई पटेल यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ या नावाने तरंगत्या टोपीचे संयंत्र तयार केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने तो नमुना सुधारून साठीच्या दशकात देशभर नेला. मुंबईत बोरिवलीच्या कोरा केंद्रात आयोगाचे संशोधन आणि प्रशिक्षण चालत असे.

कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैला आणि शेण यांच्या योग्य विनियोगाचे प्रयोग केले. भंगीमुक्ती आणि खतनिर्मिती ही दोन्ही कामे त्यांनी एकत्र बांधली होती. त्यांच्या विचारांचा धागा देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास मापुसकर यांनी उचलला. देहूत त्यांनी सुरुवातीस बांधून घेतलेले संडास पावसात ढासळले. त्यांनी हे काम सोडले नाही. संडासाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्राचा त्यांनी विकास केला आणि देहूतील घराघरांत स्वच्छतेचा आग्रह धरला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. गावात मुक्काम करून दुरुस्तीपर्यंत साथ देणारा माणूस असला की तंत्र रुजते, याची साक्ष देहूने दिली आहे.

टाक्यांचे तीन नमुने

खादी आयोगाच्या नमुन्यात विहिरीसारखी गोल टाकी असून तीवर लोखंडी टोपी तरंगते. वायू साठला की टोपी वर येते आणि वापरला की खाली बसते. गॅस किती शिल्लक आहे हे गृहिणीस लांबूनच दिसते आणि वायूचा दाब कायम राहतो. परंतु टोपी महाग असते व गंजते. दरवर्षी तिला रंग देणे आवश्यक असते. तो न दिल्यास काही वर्षांत तिला भोके पडतात आणि टोपीचा खर्च न झेपल्याने संयंत्र कायमचे बंद पडते. प्रबलित तंतुकाचेची टोपी हा त्यावरील एक उपाय होय.

१९७८ मध्ये उत्तर प्रदेशात ‘जनता’ नमुना पुढे आला. चिनी पद्धतीवरून घेतलेल्या या संयंत्रात लोखंडी टोपीऐवजी विटांचा स्थिर घुमट असतो. १९८४ मध्ये ‘अफप्रो’ या संस्थेने ‘दीनबंधू’ नमुना तयार केला. वेगवेगळ्या त्रिज्यांचे दोन गोलखंड तळाशी जोडल्यासारखा त्याचा आकार असल्याने बांधकामाचे पृष्ठफळ घटते आणि खर्चही कमी होतो. संयंत्र जमिनीखाली असल्यामुळे थंडीचा परिणाम थोडा कमी जाणवतो. मात्र घुमटाचे बांधकाम कसबी गवंड्याकडूनच करून घ्यावे लागते. गिलाव्यात केसाएवढी भेग राहिली तरी वायू निसटतो. साधे घर उत्तम बांधणारा गवंडी घुमट उत्तम बांधीलच असे नाही.

संयंत्रे का विझतात?

बंद पडलेल्या संयंत्रांची कारणे शोधली तर तंत्राचा दोष क्वचितच आढळतो. पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे आकारमानाची चूक. गोठ्यात दोन जनावरे असताना चार जनावरांचे संयंत्र बांधले जाते. वीस किलो शेणापासून पाऊण घनमीटरच्या जवळपासच वायू मिळणार. एक वेळचा स्वयंपाक होतो, दुसऱ्या वेळेस चूल पेटवावी लागते आणि हळूहळू दोन्ही वेळेस चूलच पेटू लागते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातील गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेने सुमारे दहा टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. ट्रॅक्टर आले आणि बैल गेले, तर संयंत्राचे खाद्यही गेले. पुढील पाच वर्षांत दारात किती जनावरे राहतील, याची विचारणा अर्ज भरतानाच झाली पाहिजे.

दुसरे कारण किरकोळ दुरुस्तीचे. बायोगॅसबरोबर पाण्याची वाफ असते. ती नळीत गारठून साठली की ज्योत फडफडते आणि विझते. नळीच्या सर्वांत खोल जागी बसविलेली तोटी उघडून हे पाणी काढून टाकणे एवढाच त्यावर उपाय असतो. परंतु तो ठाऊक नसल्याने ‘गॅस संपला’ असा समज होतो. टाकीत वर साय धरल्यासारखा थर जमणे, शेणकाल्यात माती जाऊन तळ भरणे, शेगडीचे भोक बुजणे या अडचणीही अशाच किरकोळ आहेत. दोन-तीन तासांच्या कामासाठी तालुक्याहून माणूस मिळत नाही, तेवढ्यात चूल पेटते आणि मग संयंत्राची आठवण राहत नाही.

तिसरे कारण श्रमांचे. मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे खेड्यांतील असंख्य घरांत सिलिंडर पोहोचला. शेण कालविण्याच्या रोजच्या कामाशी सिलिंडरच्या सोयीची तुलना गृहिणी करणारच. हे काम बहुधा तिच्याच वाट्याला येते, तर स्लरीचा फायदा शेताच्या हिशेबात जमा होतो. ज्या घरात पुरुषमंडळी शेण कालविण्यात वाटा उचलतात किंवा स्लरीचे पैसे स्त्रीच्या हाती येतात, त्या घरातील संयंत्र टिकण्याची शक्यता अधिक असते. गुजरातमधील आणंद जिल्ह्यात मुजकुवा येथे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साहाय्याने महिलांची खत सहकारी संस्था स्थापन झाली, ती याच विचाराने. तेथे घरोघरच्या संयंत्रांतील स्लरीला दाम मिळू लागला.

पुरा गावचा अनुभव

एका घराला जे जमत नाही ते गावाने मिळून करावे, ही कल्पना आकर्षक आहे. तिची परीक्षा कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात कुणिगल तालुक्यातील पुरा या छोट्या गावी झाली. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी ‘अस्त्र’ या केंद्राच्या वतीने तेथे सामुदायिक संयंत्र उभारले. प्रथम गावातील सर्व घरांचा स्वयंपाक बायोगॅसवर करावयाचे ठरले. तो बेत फसला. गावातील एकूण शेण सर्वांच्या स्वयंपाकास पुरेना आणि अपुरा वायू कोणालाच समाधान देईना.

त्यानंतर गावकऱ्यांशी बोलून उद्दिष्टच बदलण्यात आले. १९८७ पासून तोच वायू डिझेलबरोबर इंजिनात जाळून वीज निर्माण केली जाऊ लागली. त्या विजेवर कूपनलिकेचे पाणी गावातील नळांना मिळाले आणि घरांत दिवे लागले. गावाची सर्वांत निकडीची गरज पाण्याची होती, हे यातून स्पष्ट झाले. व्यवहाराची पद्धतही साधी ठेवली होती. जो जितके शेण आणील त्याला त्या प्रमाणात स्लरी परत मिळे आणि शेण आणून दिल्याबद्दल अल्प मोबदलाही मिळे. त्यामुळे आपले शेण गेले, खत बुडाले अशी भावना कोणाच्या मनात राहिली नाही. संयंत्र चालविण्याचे काम गावातील तरुणांनाच शिकविले होते आणि हिशेब गावाच्या समितीकडे होता.

सामुदायिक प्रकल्पाचा ठराव करणाऱ्या प्रत्येक ग्रामसभेने या अनुभवातील तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. शेण किती मिळेल याची मोजणी आधी करावी. वायू कशासाठी वापरावयाचा हे गावाने ठरवावे. शेण देणाऱ्यास खत परत मिळेल याची हमी लेखी असावी.

नवी तंत्रे

गेल्या काही दशकांत बायोगॅसच्या तंत्राला नव्या शाखा फुटल्या आहेत आणि त्यांपैकी दोन महत्त्वाच्या शाखा महाराष्ट्रातील आहेत. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शहरी घरासाठी छोटे संयंत्र तयार केले. प्लॅस्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या एकमेकींत उपड्या बसवून ते तयार होते. त्यास शेणाऐवजी उरलेले अन्न, खराब झालेले पीठ, पेंड असे पिष्टमय व स्निग्ध खाद्य घालावयाचे असते. जनावराने आधीच पचवून टाकलेल्या शेणापेक्षा न पचलेल्या अन्नातून जीवाणूंना कितीतरी अधिक ऊर्जा मिळते, या साध्या निरीक्षणावर ही कल्पना उभी आहे. त्यामुळे एक-दोन किलो खाद्यावरही उपयुक्त प्रमाणात वायू मिळू शकतो. या कामास २००६ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. गोठा नसलेल्या कुटुंबासाठी हा मार्ग विशेष उपयुक्त आहे. मात्र पिष्टमय खाद्य जास्त झाले तर आम्लता वाढून संयंत्र ‘आजारी’ पडते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरी शाखा भाभा अणुसंशोधन केंद्रातील डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ संयंत्राची. यात पाचन दोन टप्प्यांत होते. स्वयंपाकघरातील व मंडईतील कचरा प्रथम दळून, गरम पाण्याच्या साहाय्याने आणि हवेच्या सान्निध्यात एका टाकीत झपाट्याने विघटित केला जातो. पाणी तापविण्यासाठी सौर ऊर्जेचा उपयोग होतो. नंतर तो मुख्य, हवाबंद टाकीत जातो. त्यामुळे तंतुमय कचराही लवकर पचतो. नगरपालिका, वसतिगृहे, मोठी उपाहारगृहे यांच्यासाठी हे तंत्र योग्य आहे. कचऱ्याचे वर्गीकरण मुळातच झाले पाहिजे, ही त्याची पहिली अट होय. प्लॅस्टिक, नारळाच्या करवंट्या, हाडे आत गेली की संयंत्र अडते.

तिसरी शाखा संपीडित बायोगॅसची. बायोगॅसमधील कर्बद्विप्राणिद आणि हायड्रोजन सल्फाइड काढून टाकले तर ९० टक्क्यांहून अधिक मिथेन असलेला वायू मिळतो. तो उच्च दाबाखाली सिलिंडरमध्ये भरून वाहनांसाठी वापरता येतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र शासनाने ‘सतत’ हा उपक्रम त्यासाठी सुरू केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार वाहनांच्या व घरगुती नळाच्या वायूत संपीडित बायोगॅस मिसळण्याचे प्रमाण २०२५-२६ साठी १ टक्का आणि २०२८-२९ पासून ५ टक्के ठरविण्यात आले. इंदूर येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये उद्घाटन झालेला प्रकल्प दररोज ५५० टन ओला कचरा हाताळण्याच्या क्षमतेचा आहे. महाराष्ट्रात साखर कारखान्यांतील प्रेसमड हा या वायूचा मोठा कच्चा माल ठरू शकतो. परंतु तो वर्षातून गाळपाच्या काही महिन्यांतच निघतो आणि साठविला तर त्यातील सत्त्व कमी होत जाते. म्हणजे दोन घनमीटरच्या संयंत्राला भेडसावणारा खाद्याचा प्रश्न कोट्यवधी रुपयांच्या प्रकल्पालाही चुकलेला नाही.

दक्षता

बायोगॅस विषारी भट्टीसारखा धोकादायक नाही, तरीही काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. म्हणून नव्या संयंत्रातील पहिला वायू पेटवू नये, तो मोकळ्या हवेत सोडून द्यावा. गळती शोधताना काडी न पेटविता साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. न वापरलेला वायू विनाकारण हवेत सोडत राहणेही चांगले नाही, कारण वातावरण तापविण्याची मिथेनची क्षमता शंभर वर्षांच्या कालावधीत कर्बद्विप्राणिदाच्या सुमारे २८ पट मानली जाते.

सर्वांत कडक पथ्य टाकीत उतरण्याविषयीचे आहे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइड साचलेले असू शकते. त्यात उतरलेला माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्यास वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही प्राणास मुकतो. योग्य साधने व प्रशिक्षण यांशिवाय कोणासही टाकीत उतरू देऊ नये. ही सूचना प्रत्येक संयंत्राजवळ मराठीत रंगवून ठेवावी.

गावपातळीवरील काम

राज्यात ग्रामीण बायोगॅस कार्यक्रमाची अंमलबजावणी जिल्हा परिषदेच्या कृषी विभागामार्फत होत आली आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या गोबरधन उपक्रमामुळे त्यास स्वच्छतेच्या कार्यक्रमाची जोड मिळाली. या सर्व योजनांत उद्दिष्टे संख्येने दिली जातात आणि वर्षअखेर बांधकामे मोजली जातात. पंचायतीस यात एक भर सहज घालता येईल. दरवर्षी एकदा, शक्यतो जानेवारीच्या थंडीत, गावातील सर्व संयंत्रांची पाहणी करावी आणि त्यांपैकी किती शेगड्या त्या दिवशी पेटल्या याची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. बंद संयंत्रांपुढे कारण लिहावे : शेण नाही, टोपी गळते, नळी तुंबली, गरज उरली नाही. या चार रकान्यांतून पुष्कळ गोष्टी उमगतील. नळी तुंबलेली आणि गळती असलेली संयंत्रे नव्या बांधकामाच्या अल्प अंशात पुन्हा सुरू होऊ शकतात.

गावातील एक-दोन तरुणांना, आणि शक्य असेल तेथे बचत गटातील महिलांना, दुरुस्तीचे शिक्षण देणे हे दुसरे काम होय. वीस-पंचवीस संयंत्रांमागे असा एक जाणकार असेल तर किरकोळ बिघाडापायी संयंत्र बंद राहण्याचे कारण उरणार नाही.

शिक्षकांनाही येथे वाव आहे. वीस लिटरचा घट्ट झाकणाचा डबा, निम्मे शेण, निम्मे पाणी आणि झाकणातून काढलेल्या नळीला बांधलेली रबरी पिशवी एवढ्या साहित्यावर विद्यार्थ्यांना वायूची निर्मिती दाखविता येते. डबा उन्हात ठेवून पिशवी किती दिवसांत फुगते याची नोंद मुलांनी करावी. एक डबा सावलीत ठेवून तुलना करावी. वायू पेटवून दाखविण्याचा मोह मात्र टाळावा. मोजमापाची सवय लागलेली ही मुले घरी जाऊन आपल्या गोठ्यातील शेणाचाही हिशेब करतील.

ऊर्जेची नवी साधने येत राहतील आणि त्यांची गरजही आहे. परंतु कोणतेही साधन गावात टिकते ते खाद्य, दुरुस्ती आणि मोबदला या तिन्हींची व्यवस्था लागल्यावरच. बायोगॅसच्या बाबतीत ही व्यवस्था लावण्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. गावात आधीच बांधलेल्या संयंत्रांची यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे. येत्या थंडीत ती यादी हाती घेऊन घरोघर जाणे, हे या कामातील पहिले पाऊल ठरेल.